विहीणबाईंना द्यायचं राहिलेलं उत्तर

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार.

माईक जरा खाली घेता का? हं. बस, एवढा ठीक आहे.

माझ्या आधी रजनीताईंच्या कंपनीतल्या मैत्रिणी बोलल्या, सोसायटीचे सेक्रेटरी बोलले. सगळे भरभरून बोलले. मला तसं बोलता येत नाही. आणि आज तर उभं राहणंच अवघड जातंय. म्हणून लिहून आणलंय, पण चष्मा लावूनसुद्धा अक्षर दिसत नाहीये. तर तसंच बोलते. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी सुलभा कदम. इथंच डोंबिवलीत, कोपरला राहते. रजनीताईंची विहीण. त्यांची एकुलती एक मुलगी प्राजक्ता, ती माझ्या निखिलची बायको.

मी माईकपाशी आले तेव्हा मागच्या दोन रांगांतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मी बघितलं ते. बरोबर आहे तुमचं. ही बाई रजनीताईंबद्दल काय बोलणार, असंच वाटलं असणार तुम्हाला. नातीच्या बारशाला मी याच मानपाड्याच्या पाहुण्यांसमोर रजनीताईंना काय बोलले होते, ते तुम्ही विसरला नसाल. मीही विसरलेले नाही. त्याचंच बोलायला आलेय.

मी एकतीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर काढली. समोरचा माणूस सही करायचा आणि मी ती कार्डावरच्या सहीशी जुळवून बघायची. जुळली तर पुढे, नाही जुळली तर परत. समोर कितीही गोड माणूस असला तरी आधी सही बघायची. ती सवय घरी आली आणि घरीच राहिली. माझा मुलगा म्हणतो, आई देवाच्या प्रसादावरसुद्धा तारीख बघते. खरं आहे ते.

तर पहिल्या भेटीपासून मला रजनीताईंचा संशय होता.

प्राजक्ताला बघायला आम्ही इथं मानपाड्याला आलो होतो. प्राजक्ताचे वडील ती कॉलेजात असतानाच गेलेले. रजनीताई एकट्या सगळं बघत होत्या. कंपनीत औषधाच्या बाटल्यांची झाकणं पॅक करायच्या, त्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून आलेल्या. पोहे झाले, चहा झाला. मी पत्रिकेचा विषय काढला. तर त्या म्हणाल्या, "पत्रिका तुम्ही बघा. मला तुमच्या मुलाचा रक्तगट सांगा."

मी म्हटलं, "ओ पॉझिटिव्ह. का हो?"

"आमची प्राजक्ता ओ निगेटिव्ह आहे. त्यानं काही अडत नाही. पण दिवस गेले की डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगायचं. आणि मधे काही कमी-जास्त झालं, थोडं जरी अंगावरून गेलं, तरी बहात्तर तासांच्या आत इंजेक्शन घ्यायचं. एवढं लिहून ठेवा."

मी लिहून ठेवलं नाही. मी विचार केला, मुलगी दाखवायच्या दिवशी कोणती आई असं बोलते? मुलीत काहीतरी खोट असणार, आणि ही आधीच सांगून मोकळी होतेय. उद्या काही झालं तर म्हणायला बरं, तुम्हाला सांगितलं होतं. घरी जाताना मी निखिलला म्हटलंसुद्धा, "ही बाई काहीतरी लपवतेय." पण त्याला मुलगी आवडली होती. लग्न झालं.

पुढच्या वर्षी प्राजक्ताला दिवस गेले. तिनं डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगितलं, मी निगेटिव्ह आहे. रक्त तपासलं. आठ दिवसांनी डॉक्टरनी आम्हाला परत बोलावलं. मी बरोबर होते.

हे सगळ्यांना माहीत असेलच असं नाही, म्हणून मला समजलं तेवढं सांगते. आईचं रक्त निगेटिव्ह असेल आणि पोटातल्या बाळाचं पॉझिटिव्ह, तर बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळू शकतं. आईच्या शरीराला ते परकं वाटतं आणि ते त्याच्याविरुद्ध तयारी करून ठेवतं. अँटिबॉडीज म्हणतात त्याला. पहिल्या बाळाला सहसा त्रास होत नाही, कारण तयारी व्हायला वेळ लागतो. त्रास पुढच्याला. त्याचं रक्त आईच्याच पोटात मोडायला लागतं. वेळेवर इंजेक्शन घेतलं तर ही तयारी होतच नाही. मूल जन्मल्यावर घ्यायचं, तसं ते गर्भ पडला तरी घ्यायचं.

तर डॉक्टर म्हणाल्या, "हिच्या रक्तात अँटिबॉडीज आधीपासूनच आहेत. पहिल्याच खेपेला असं सहसा दिसत नाही. आधी कधी दिवस राहिले होते? गर्भपात? कधी रक्त चढवलं होतं?"

प्राजक्तानं एकदा माझ्याकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाली, "तसं काही नाही."

ही माझ्याकडे का बघते? मला संशय आला. सासूसमोर बोलता येत नाही असं हिच्याकडे काय आहे?

आता तुम्हाला कळलंच असेल, मी काय विचार केला. आधी दिवस राहिले होते आणि हे पहिलं नाही, तर मग ते कधी? लग्नाआधी. दुसरं काय असणार? आणि आई पहिल्या भेटीत रक्तगट का सांगत होती, तेही मला लगेच जुळलं. सही जुळल्यासारखं जुळलं.

मी काय काय केलं ते सांगते. प्राजक्ता ऑफिसला गेली की मी तिचं कपाट बघितलं. शाळेच्या दाखल्यापासून सगळे कागद काढले, परत तसेच ठेवले. निखिलला म्हटलं, "विचार तिला, लग्नाआधीचं काय ते." तो म्हणाला, "आई, नको ना." त्यानं तिला विचारलं नाही, आणि मला गप्पही केलं नाही. मग मी एक दिवस मुद्दाम मानपाड्याच्या बाजारात आले. रजनीताईंच्या शेजारच्या एक बाई माझ्या ओळखीच्या झाल्या होत्या. भाजी घेता घेता त्यांना विचारलं, "काय हो, प्राजक्ता कॉलेजात असताना कधी आजारी वगैरे होती का? हॉस्पिटलात ठेवलं होतं का?" त्या बाई आज इथं बसल्यात. नाव घेत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पिशवी उचलली आणि निघून गेल्या. त्या तडक रजनीताईंकडे गेल्या असणार, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. दुसऱ्यांचा संशय घेण्यात मी इतकी गुंतले होते, की आपल्याकडेही कुणी बघत असेल, हे सुचलंच नाही.

प्राजक्ताचा पाचवा महिना संपत आला तेव्हा डोंबिवलीच्या डॉक्टरनी ठाण्याला पाठवलं. कोलशेतच्या बाजूला एक मोठं हॉस्पिटल आहे, तिथं पोटातल्या बाळावर उपचार करतात. पहिल्या दिवशी आम्ही चौघं गेलो. प्राजक्ता, निखिल, मी, आणि रजनीताई. निखिल फॉर्म भरायला खाली थांबला. आम्ही तिघी आत.

तिथल्या डॉक्टरनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. प्राजक्ता गप्प. मी गप्प, पण कान टवकारून.

रजनीताई म्हणाल्या, "झालं होतं एकदा. लग्नानंतर, वर्षाच्या आत. माझ्याकडे राहायला आली होती तेव्हा. पाळी उशिरा आली असं समजलो. मला कळायला हवं होतं. माझं चुकलं."

प्राजक्तानं आईचा हात धरला. "आई, अगं…" एवढंच म्हणाली. रजनीताईंनी तिचा हात दाबला आणि डॉक्टरना म्हणाल्या, "पुढं काय करायचं ते सांगा."

मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. चला, लग्नाआधीचं नव्हतं. आणि त्याच्या मागोमाग, मला सांगायला लाज वाटते, मला आनंद झाला. ही बाई मला शिकवत होती, बहात्तर तास, लिहून ठेवा. आणि हिच्याच घरी, हिच्याच नाकाखाली झालं.

त्यानंतर दर मंगळवारी आम्ही ठाण्याला जात होतो. सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजायचे. वेग वाढला म्हणजे बाळाचं रक्त कमी झालं. रजनीताई मानपाड्याहून रिक्षा, बस करत आमच्या आधी पोचलेल्या असायच्या. बाकावर माझी जागा धरून ठेवलेली असायची. आम्ही शेजारी शेजारी बसायचो आणि बोलायचो नाही. दुपारी त्या डबा उघडायच्या. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, एखादी सुकी भाजी. झाकणात अर्धं काढून माझ्यापुढे सरकवायच्या. मी खायची. भूक लागलेली असायची. पण खाताना मनात एकच, ही का देतेय? चुकीची भरपाई करतेय, असंच मी धरून चालले.

दोनदा बाळाला पोटातच रक्त द्यावं लागलं. पोटातून सुई घालून नाळेच्या शिरेत. पहिल्यांदा दिलं तेव्हा आम्ही दोघी बाहेर. आतून कुणी येईना. रजनीताईंनी डोळे मिटून घेतले होते. मी त्यांच्याकडे बघत होते. एक बाई तासभर डोळे मिटून बसलीय, ओठसुद्धा हलत नाहीत, आणि मी बघतेय, की ही खरंच देवाचं नाव घेतेय की नाटक करतेय. इतकी मी वाईट.

आठव्या महिन्यात सिझेरियन करून स्वरा झाली. जन्मली ती पिवळी. निळ्या दिव्याखाली ठेवली. एकदा सगळं रक्त बदललं. तेरा दिवस ती काचेच्या पेटीत होती. मग घरी आली. आता चार वर्षांची होईल. ती बघा, खिडकीपाशी प्राजक्ताच्या मामींच्या मांडीवर बसलीय. बरी आहे, धडधाकट आहे. त्या डॉक्टरांचे उपकार आहेत.

बारशाला रजनीताई सोन्याची साखळी, बाळंतविडा, सगळं घेऊन आल्या. पाळणा म्हणून झाला. आणि कुणीतरी म्हणालं, पोर फार सोसून आली हो. मी म्हटलं, "आजीच्या हलगर्जीपणामुळे सोसलं. घरात मुलीचं काय होतंय ते आईला कळू नये म्हणजे कमाल आहे." सगळ्यांसमोर. तुमच्यातल्या काही जणींनी ते ऐकलं. रजनीताई पाळण्याची दोरी धरून होत्या. त्या म्हणाल्या, "व्हय, चुकलंच माझं." आणि दोरी ओढत राहिल्या.

प्राजक्ता उठून आत गेली. मला वाटलं, आईच्या चुकीची लाज वाटली असेल.

मंडळी, दोन वर्षं मी ही गोष्ट सांगत होते. माझ्या नणंदांना, गावी, शेजारी. रजनीताई आमच्याकडे आल्या की मी बाळाचं काही त्यांच्या हातात द्यायची नाही. औषधाचा चमचासुद्धा नाही.

पण एक गोष्ट मला टोचत होती. जी बाई मुलगी दाखवताना रक्तगट विचारते, बहात्तर तास सांगते, तिच्या घरी मुलीच्या अंगावरून गेलं आणि तिला कळलं नाही? ही सही जुळत नव्हती. आणि सही जुळत नसेल तर मला झोप लागत नाही. म्हणजे माझा जुना संशय पुन्हा वर आला. या बाईनं माहेरची गोष्ट रचलीय. लग्नाआधीचं झाकायला रचलीय. मी ठरवलं, हे खोटं पकडायचं.

पकडायचं कसं? आमच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी सगळं लिहिते. गॅस कधी लावला, दूध कधी नाही घेतलं, आणि सुनेची अडचण कधी. घरात पूजाअर्चा असते, कुणी कधी बाजूला आहे ते बघून ठरवावं लागतं. आम्ही पाळतो. पाळत होतो. तर "प्रा" लिहून गोल करायची. जुनी कॅलेंडरं मी टाकत नाही, डब्यांखाली अंथरते. त्या वर्षीचं कॅलेंडर मी फडताळातून डबे काढून शोधलं. तेलाचे डाग पडले होते, पण वाचता येत होतं. म्हटलं, प्राजक्ता माहेरी कधी गेली ते बघू आणि विहीणबाईंचं खोटं त्यांच्या पदरात घालू.

एका दुपारी ओट्यावर कॅलेंडर पसरून मी बसले.

चैत्रात गोल. वैशाखात गोल. ज्येष्ठात गोल. आषाढात नाही. श्रावणात नाही. मी पान उलटलं. भाद्रपद. गौरी आल्या त्या दिवसावर गोल. माझ्याच अक्षरात, "प्रा अडचण. ओवसा राहिला." आणि माहेरी गेल्याची नोंद? ती अनंत चतुर्दशी झाल्यावर आणखी आठवड्यानं. त्याच्या आधी लग्नापासून ती एक दिवस राहायला गेलेली नव्हती.

मी पान मागं उलटून पुन्हा मोजलं.

त्या वर्षी गणपती आम्ही गावी न जाता कोपरला आणला होता. प्राजक्ताचा पहिला ओवसा. आमच्यात नव्या सुनेनं सुपं भरून गौरीपुढे ओवसायचं असतं. माझ्या दोन्ही नणंदा पनवेलहून आल्या होत्या. सुपं, खण, नारळ, सगळं मांडून ठेवलेलं. आणि सकाळी प्राजक्ता मला बाजूला बोलावून म्हणाली, "आई, मला अडचण आली." मी इतकी चिडले. म्हटलं, नेमकी आजच. मी तिला मागच्या खोलीत बसवलं. ताट-वाटी वेगळी. संध्याकाळी ती दारात उभी राहून म्हणाली, "आई, खूप जातंय. पोटात कळा येतायत. नेहमीसारखं नाहीये हे. डॉक्टरकडे जाऊन येऊ का?"

मी म्हटलं, "घर पाहुण्यांनी भरलंय. लोक काय म्हणतील? गौरी जाऊ देत, मग बघू."

गौरी तिसऱ्या दिवशी गेल्या, पाहुणे आणखी दोन दिवसांनी. तोवर बहात्तर तास होऊन गेले होते.

नंतर ती म्हणाली, आता थांबलंय. मीही विषय सोडून दिला. आणि डॉक्टरनी विचारलं तेव्हा मला हे आठवलं नाही. तुम्ही म्हणाल, असं कसं आठवलं नाही? माझ्या लेखी ती पाळी होती. चुकीच्या दिवशी आलेली पाळी. मी तिला तेच नाव देऊन ठेवलं होतं.

आता कळलं, प्राजक्तानं डॉक्टरसमोर माझ्याकडे का बघितलं ते. ती वाट बघत होती. मी सांगेन म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी इथं आले. रजनीताईंच्या घरी. या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. कॅलेंडर गुंडाळून पिशवीत. त्यांनी दार उघडलं. मला एकटीला बघून घाबरल्या. "स्वरा बरी आहे ना?" पहिला प्रश्न.

मी म्हटलं, "बरी आहे." आणि कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "तेलाचे डाग पडलेत."

मी म्हटलं, "तुमच्याकडे झालं नव्हतं. माझ्याकडे झालं."

"व्हय."

"तुम्हाला कधी कळलं?"

"चतुर्दशीनंतर आली तेव्हा तिनं सांगितलं. काय काय झालं, किती गेलं. मी लगेच ओळखलं. डॉक्टरकडे नेलं. सोनोग्राफी केली, गर्भपिशवी साफ होती. इंजेक्शनचं विचारलं. त्या म्हणाल्या, दोन आठवडे झाले, आता उपयोग नाही."

"मग माझं नाव का नाही सांगितलंत?"

त्या हसल्या. रागानं नाही. म्हणाल्या, "सुलभाताई, तुम्ही बाजारात माझ्या पोरीची चौकशी करत होतात. मला कळलं होतं. तुम्हाला वाटत होतं, लग्नाआधी काहीतरी झालं. तुम्हाला काहीतरी पटेल असं सांगायला पाहिजे होतं. तुमची चूक तुम्हाला पटली नसती. माझी लगेच पटली."

मी कॅलेंडरची गुंडाळी करायला घेतली.

"आणि डॉक्टरसमोर तुमच्यावर घातलं असतं," त्या म्हणाल्या, "तर संध्याकाळी माझी पोर पोटातलं बाळ घेऊन तुमच्याच घरी जाणार होती ना."

मग त्या दिवशी त्यांनी मला त्यांचं सांगितलं. त्या स्वतः निगेटिव्ह. पहिल्या खेपेला चौथ्या महिन्यात गेलं. गावाकडे. तेव्हा कुणी रक्तगट बघितला नाही की इंजेक्शन दिलं नाही. दुसऱ्या खेपेला मुलगा झाला. हळदीसारखा पिवळा. तिसऱ्या दिवशी गेला. लोक म्हणाले, नजर लागली. सासू म्हणाली, हिच्या पायगुणानं. मग डोंबिवलीला आल्यावर प्राजक्ता झाली. ती आईसारखीच निगेटिव्ह निघाली, म्हणून तिला काही झालं नाही. तेव्हा एका डॉक्टरनी त्यांना नीट समजावून सांगितलं. "त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगत आले," त्या म्हणाल्या. कंपनीत जिचं लग्न ठरायचं तिला आधी रक्तगट विचारायच्या, असं मघाशी तुमच्यापैकी एकीनं सांगितलं. तुम्ही हसलात. मीही हसले. त्याच्यामागं हे होतं.

त्यांनी चहा टाकला. गॅसपाशी उभ्या होत्या, पाठ माझ्याकडे. आणि तशाच उभ्या राहून त्यांनी मला एक प्रश्न विचारला.

"सुलभाताई, एक विचारू? तिला दिवस गेलेत, अशी तुम्हाला तेव्हा शंका आली होती का?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी गॅस बंद केला. मग म्हणाल्या, "बरं." आणि चहा गाळला.

त्यानंतर दीड वर्ष आमचं चांगलं जमलं. मी सगळ्या नातेवाइकांना फोन करून खरं सांगितलं, नणंदांना पण. घरातलं बाजूला बसवणं बंद केलं. रजनीताई दर रविवारी आमच्याकडे यायच्या, मी इथं यायची. आम्ही दोघी मिळून स्वराला शाळेत घालायला गेलो. त्यांनी तो प्रश्न पुन्हा कधी काढला नाही. न्यूमोनियानं त्या हॉस्पिटलात होत्या, तेव्हा मी रोज सकाळी त्यांच्यापाशी बसायची. दोनदा बोलायला तोंड उघडलं. एकदा नर्स आली. एकदा कुणीच आलं नाही, तरी मी बोलले नाही. मागच्या गुरुवारी त्या गेल्या.

म्हणून आज इथं, तुमच्यासमोर, त्यांच्या फोटोसमोर बोलते.

ओवशाच्या आदल्या दिवशी आम्ही करंज्या तळत होतो. तेलाचा वास आला आणि प्राजक्ता तोंडावर हात धरून मोरीत पळाली. परत आली तेव्हा मी तिच्याकडे बघितलं. दोन महिने गोल केला नाही, हे मला पाठ होतं. कॅलेंडर माझं होतं. मला शंका आली. नुसती शंका नाही, मला जवळजवळ खात्री झाली. आणि मला आनंदही झाला. पण मी विचार केला, आत्ता बोलले तर नणंदा म्हणतील, तिला उचलायला लावू नका, उभी राहू देऊ नका. मग ओवसा कोण करणार? दोन दिवसांचा तर प्रश्न. गौरी जाऊ देत, मग सांगू. म्हणून मी गप्प बसले. तिला पाण्याचे हंडे उचलू दिले. माळ्यावरची भांडी काढायला लावली. त्यानं झालं की आपोआप झालं, मला माहीत नाही, कुणालाच माहीत नसतं. पण दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अडचण आली," तेव्हा ती अडचण नाही, हे मला कळलं होतं. कळूनही मी तिला मागच्या खोलीत बसवलं. कारण पाळी म्हटलं की काही करावं लागत नाही. मग ते नाव मी इतकं घट्ट धरलं, की डॉक्टरनी विचारलं तेव्हा मलाही तेच खरं वाटत होतं; कॅलेंडर उघडलं आणि सगळं वर आलं.

विहीणबाई, तुम्ही विचारलं होतंत आणि मी नाही म्हटलं. उत्तर हो आहे.

हे इथं बोलायच्या आधी प्राजक्ताला सांगणं भाग होतं. आज सकाळी सांगितलं. ती स्वराची वेणी घालत होती. माझं सगळं बोलून होईपर्यंत तिनं ऐकलं. मग म्हणाली, "मला माहीत होतं. मी मोरीतून आले तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलं होतंत."

मी म्हटलं, "आईला सांगितलं होतंस?"

"तेव्हाच सांगितलं होतं," ती म्हणाली.

म्हणजे रजनीताईंनी विचारलं तेव्हा त्यांना उत्तर ठाऊक होतं. मी समोर बसून खोटं बोलले, आणि त्यांनी चहा गाळून कप माझ्या हातात दिला. साखर कमी आहे का, म्हणून विचारलं. दीड वर्ष माझ्या घरी आल्या, जेवल्या, हसल्या. मी आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं शोधत राहिले. माझं खोटं समोर दिसत असताना ती बाई गप्प राहिली. का, ते आता विचारायला त्या नाहीत.

प्राजक्तानं मला माफ केलं का, हे मी तिला विचारलं नाही. ती म्हणाली, "बोला तुम्ही. सगळं बोला." म्हणून बोलले.

मला आणखी काही सांगायचं नाही. आपण सगळे आता उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. ज्यांना माझा राग आला असेल त्यांनी राग तसाच ठेवून उभं राहावं, तो बरोबर आहे. आपण रजनीताईंसाठी उभे राहतोय.

विहीणबाई, नमस्कार करते.